स्लॅबमधल्या पाटल्या

हा अंक तुमच्या हाती उशिरा पडतो आहे. कारण घरगुती आहे, म्हणून सांगायला जरा संकोच वाटला. मग वाटलं, घरगुती कारण सांगायला आपणच संकोचायचं तर हे त्रैमासिक काढायचं तरी कशाला? तर, आमच्या घराचं काम निघालं होतं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सासऱ्यांनी १९७८ साली बांधलेलं घर. गेल्या पावसाळ्यात स्लॅब इतका गळला की स्वयंपाकघरात तीन पातेली आणि एक बादली कायमची मांडून ठेवावी लागली. दिवाळी झाली की काम धरायचं असं ठरलं.

घराचं काम म्हणजे काय असतं ते तुम्हांला वेगळं सांगायला नको. सगळा संसार एका खोलीत, गॅस जिन्याखाली, आणि जेवणाच्या प्रत्येक घासाला सिमेंटची कचकच. नव्या गिलाव्याला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. हे काम कुणाच्याही मजुरीत धरलेलं नसतं. संध्याकाळी हात धुताना गवंडी सांगून जातो, "वहिनी, पाणी तेवढं मारा हं." गिलावा टिकला तर कौतुक गवंड्याचं, तडे गेले तर वहिनींनी पाणी मारलं नाही! दोन वेळचा चहा, वाळूच्या गाडीकडे लक्ष, पोत्यांची मोजदाद, ही कामंही अशीच. पण कोणतीही गोष्ट ठरवायची वेळ आली की मिस्त्री विचारायचे, "साहेब कधी येणार?" साहेब पुण्याला नोकरीला. ते शनिवारी येणार आणि ज्या ओट्यापाशी ते आठवड्यातून एकदा चहा गाळतात त्याची उंची ठरवणार.

केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं. अशा पाहण्यांच्या वर्गवारीत एक गंमत आहे. घरच्यासाठी स्वेटर विणणं, परसात भाजी लावणं, स्वतःचं घर बांधणं ही सगळी 'स्वतःच्या वापरासाठी उत्पादन' या खान्यात जातात. स्वयंपाक आणि झाडलोट मात्र 'बिनमोल घरगुती सेवा'. म्हणजे आमच्या सासूबाई सुया हातात घेऊन बसतात तेव्हा त्या उत्पादक, आणि कुकर लावायला उठल्या की सेविका! हसायला येतं, पण निदान कुणी तरी मोजतं आहे. घरात तेही होत नाही.

मोजण्यावरून आठवलं. आमच्याकडे गवंड्याच्या हाताखाली एक बिगारी पुरुष आणि एक बिगारी बाई होती. घमेली दोघंही तेवढीच वाहत होती. खरं तर बाई जास्तच, कारण पुरुष मधून मधून तंबाखू मळायला बसायचा. त्याला ७०० रुपये, तिला ४५०. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, आणि त्यावर मी पंधरा वर्षं शिबिरांतून बोलते आहे. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "बायकांचा रेटच तो हाय." बाईला विचारलं तर तीही म्हणाली, "असंच असतंय की, ताई." वरचे २५० रुपये रोज आम्ही तिच्या हातात देत गेलो. याला मी हक्क म्हणत नाही. पुढच्या साइटवर ती पुन्हा ४५०वरच गेली असणार. बांधकाम मजुरांच्या कल्याणकारी मंडळात तिची नोंद व्हावी म्हणून नव्वद दिवस काम केल्याचा दाखला मागितला, तर मिस्त्री सही करायला तयार होईनात. ते प्रकरण अजून चालू आहे.

पण मला आज लिहायचं आहे ते याच्याही आधी घडलेल्या गोष्टीबद्दल.

भाऊबीजेला नणंद कोल्हापूरहून आली होती. वाळू-विटा उतरवायला परसात जागा हवी होती, आणि परस म्हणजे रान झालेलं. सासरे २०२१ साली गेले, त्यानंतर तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. गाजरगवत कमरेएवढं, कडेनं घाणेरी, मध्येच एरंड. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी साडी खोचली, हाताला जुने मोजे बांधले आणि विळा-कुदळ घेऊन उतरल्या. गाजरगवतानं अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. म्हणून तोंडाला ओढणी बांधून मीही गेले. चार दिवस आम्ही दोघी उपसत होतो. ताईंना तिथलं सगळं ठाऊक होतं. हौद कुठे बुजलाय, आळूचा वाफा कुठे होता, शेजाऱ्यांच्या हद्दीचा दगड नेमका कोणत्या कोपऱ्यात आहे. तो दगड त्यांनी कुदळीच्या तिसऱ्या घावात काढला. त्यांच्या भावाला तो सापडला नसता, आणि मला तर असा दगड आहे हेच ठाऊक नव्हतं. कुंपणापलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, "माहेरपणाला आलीस का रोजगाराला?" ताई हसल्या आणि गवत उपटत राहिल्या.

त्याच आठवड्यात बँकेतून निरोप आला. दुरुस्तीचं कर्ज हवं तर मिळकत पत्रिकेवर आधी वारसांची नावं लावून आणा. कागद करून देणारे गृहस्थ घरी आले. वारस तीन: सासूबाई, माझा नवरा आणि नणंद. त्यांनी चहा संपायच्या आत सांगितलं, "ताईंचं हक्कसोडपत्र करून टाकू. नाममात्र मुद्रांक लागतो. एका सकाळचं काम." कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. ताईच म्हणाल्या, "देऊन टाकते की. भाऊबीजच आहे, समज ओवाळणी उलटी घातली. चार विटांपायी माहेर कशाला तोडायचं?"

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिणं खोटं ठरेल. मी, जी समुपदेशन केंद्रात बसून हक्कसोडपत्रावर सही करू नका म्हणून घसा कोरडा करते, ती मनातल्या मनात म्हणत होते, बरं झालं, कटकट मिटली, कर्ज लवकर होईल. आपलं स्वतःचं घर आलं की विचार कसा अलगद बाजूला सरकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

आमच्या केंद्रात येणाऱ्या बायका मारहाणीची तक्रार घेऊन येतात, पण दोन-तीन भेटींनंतर प्रश्न एकच उरतो: इथून निघाले तर जाऊ कुठे? माहेर आहे का, असं विचारलं की मान खाली जाते. एकीनं तीन भावांना हक्कसोड लिहून दिलं होतं. पाच वर्षांनी दोन मुलं घेऊन परतली तेव्हा तिला झोपायला मिळाली ती बोळातली जागा, तीही 'काही दिवसांपुरती'. भाऊ वाईट होते असं नाही. पण जिनं हक्क सोडला ती पाहुणी, आणि पाहुणीनं किती दिवस राहायचं याचे आपल्याकडे ठरलेले संकेत आहेत. सासरी राहण्याच्या हक्कासाठी आपण लढलो. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं तो दिला, आणि घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. माहेरचा हक्क मात्र तिच्याच सहीनं जातो, हसत हसत, पेढे वाटून.

कागद करणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं होतं की मुलींचा हक्क हे २००५ नंतरचं प्रकरण. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की इथे थांबून सांगते. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली मुलींना दिला तो वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला जन्मसिद्ध वाटा. त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याचीही गरज नाही, असा निकाल ऑगस्ट २०२०मध्ये लागला. पण वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानं विधवा, मुलगा आणि मुलगी यांना १९५६ पासूनच सारखा वाटा आहे. आमच्या घरात ताईंचा वाटा एक तृतीयांश. तो कुणी देण्याचा प्रश्नच नव्हता. तो होताच.

हे सगळं मी बोलले का? नाही. बोलल्या त्या सासूबाई.

त्या रात्री थंडी होती. सामान हलवल्यामुळे आम्ही चौघं एकाच खोलीत. सासूबाई नातवाचा जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा मोठा विणत होत्या. त्यांचं विणकाम म्हणजे आमच्या घरात वेळ घालवण्याचं साधन समजलं जातं. 'आईंना तेवढाच विरंगुळा.' बाकी मंडळी कागदांविषयी बोलत होती. सासूबाई सुया थांबवल्याशिवाय म्हणाल्या, "स्लॅब टाकायच्या वेळी सिमेंटला पैसे कमी पडले, तेव्हा माझ्या पाटल्या मोडल्या. चार तोळ्यांच्या. माझ्या आईनं घातलेल्या." एक ओळ सुलट संपली, सुई फिरवली, उलट ओळ सुरू झाली. "त्या पाटल्या अजून त्या स्लॅबमध्येच आहेत. मी त्या एकट्या मुलासाठी मोडल्या नव्हत्या. तेव्हा ही सात वर्षांची होती, विटांवर पाणी मारायला हीच होती माझ्याबरोबर."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ही गोष्ट आम्ही कुणी ऐकली नव्हती. माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हती. तिची पावती नाही, वहीत नोंद नाही. सासऱ्यांची सिमेंटच्या परमिटची फाइल मात्र अजून कपाटात आहे.

पुढचं काही सिनेमासारखं झालं नाही. नवरा दोन दिवस फारसा बोलला नाही. नणंदेच्या यजमानांनी फोनवर विचारलं की नाव लावलं तर कर्जालाही सही करावी लागेल ना? लागलीच. ताईंना त्यासाठी कोल्हापूरहून दोन हेलपाटे पडले, दोन दिवसांची रजा बुडाली. त्याही म्हणाल्या, सोडून दिलं असतं तर सोपं होतं. पण मिळकत पत्रिकेवर आता तीन नावं आहेत.

माझं त्यात नाही. कर्जाचा निम्मा हप्ता माझ्या पगारातून जातो, आणि हे मला सही करून झाल्यावर लक्षात आलं. ग्रामपंचायत हद्दीतलं घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावावं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारनं २००३ साली घेतला, तेव्हा त्याचा प्रचार करत आपल्या कितीतरी कार्यकर्त्या गावोगाव फिरल्या. गावच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, हेही त्यांनी बायकांना समजावून सांगितलं. माझी मात्र स्वतःच्या फरशीच्या बिलावरही सही नव्हती. आता निदान रंगाची, नळांची आणि खिडक्यांची बिलं माझ्या नावानं घेतली आहेत आणि हप्ता माझ्या खात्यातून वळता केला आहे. त्यानं वाटा मिळतो असं नव्हे. पण उद्या कुणी विचारलं तर सांगायला कागद असेल. पाटल्यांना तोही नव्हता.

ओट्याचं राहिलंच. मिस्त्री म्हणत होते चौतीस इंच, सगळीकडे तेवढाच असतो. सासूबाई चार फूट दहा इंच. चौतीसच्या ओट्यावर पोळी लाटताना त्यांचे खांदे कानाला लागतात. आम्ही त्यांना भिंतीला टेकून उभं केलं, कोपराची उंची खडूनं आखली आणि त्याच्या खाली सहा इंचांवर रेघ मारली. लाटायची बाजू त्या रेघेवर, गॅसची थोडी वर. दोन पातळ्यांचा ओटा बघून मिस्त्री म्हणाले, साहेबांना विचारलंत का?

पुढचा अंक घर या विषयावर काढायचा विचार आहे. आपापल्या घराची मिळकत पत्रिका किंवा उतारा काढा, त्यावर कुणाची नावं आहेत ते बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा की या बांधकामात तिचं काय काय गेलं. ती विणत असेल, निवडत असेल, तेव्हाच विचारा. उत्तरं आम्हांला लिहून पाठवा. नावं छापणार नाही. हक्कसोडपत्र लिहून दिलेल्या मैत्रिणींनीही जरूर लिहावं. मजकूर महिनाअखेरपर्यंत पोचावा. या वेळी उशीर होणार नाही, घराचा रंग तेवढा बाकी आहे.