बँड छापा, मग फोन विका

इगतपुरी तालुक्यातल्या घोटीच्या बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो : 'फाइव्ह जी आहे ना?' दुकानदार मान डोलावतो, खोक्यावरची मोठी अक्षरे दाखवतो आणि सौदा बहुधा तिथेच पक्का होतो. भाताचे पैसे हातात आल्यावर दहा-पंधरा हजारांचा फोन घेणाऱ्या टाकेदच्या किंवा आंबेवाडीच्या शेतकऱ्याला जे खरोखर कळायला हवे, ते मात्र त्या अक्षरांत नसते. हा फोन कोणकोणत्या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर, चालतो आणि आपल्या वाडीला दिसणारा टॉवर कोणत्या बँडवर चालू आहे, या दोन गोष्टी जुळल्या तरच त्याला वेग मिळतो. त्या जुळतील की नाही, हे पैसे मोजण्याआधी त्याला सांगायला आज कोणीही बांधील नाही. ही ग्राहकाची उघड फसगत आहे आणि ती थांबवणे सरकारच्या हातात आहे.

देशात फाइव्ह जी सुरू झाले १ ऑक्टोबर २०२२ रोजी. त्या दिवशी हजारो लोकांच्या खिशात फाइव्ह जीचे महागडे फोन होते आणि तरीही त्यांना फाइव्ह जी मिळत नव्हते. आयफोनधारकांना डिसेंबरमध्ये आयओएस १६.२ हे अद्ययावतीकरण येईपर्यंत थांबावे लागले. सॅमसंगच्याही अनेक फोनना कंपनीच्या सॉफ्टवेअरची वाट पाहावी लागली. ऑक्टोबरच्या मध्यातच केंद्र सरकारला फोन कंपन्या आणि दूरसंचार कंपन्यांची बैठक बोलवावी लागली. लाखभर रुपये मोजणाऱ्या शहरी ग्राहकाची ही स्थिती होती, म्हणून बैठक तरी झाली. दहा हजारांच्या फोनसाठी अशी बैठक कोण घेणार?

गोंधळाचे दुसरे कारण अधिक खोल आहे. जिओने आपले फाइव्ह जी स्वतंत्र जाळ्यावर, म्हणजे 'स्टँडअलोन' पद्धतीने उभारले. एअरटेलने सुरुवात केली ती फोर जीच्या आधाराने चालणाऱ्या 'नॉन-स्टँडअलोन' पद्धतीने. सुरुवातीच्या काळातले काही फोन यातली एकच पद्धत ओळखत. म्हणजे एकाच खोक्यातला एकच फोन एका सिमवर फाइव्ह जी आणि दुसऱ्या सिमवर फोर जी! दुकानात हे कोणी समजावून सांगत नाही, कारण बहुतेक वेळा दुकानदारालाही ते कोणी सांगितलेले नसते.

घोटीचा भूगोल या प्रश्नाला धार आणतो. गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे, रेल्वे स्थानक आहे, भात गिरण्या आहेत. गावात सिग्नलची तक्रार फारशी टिकत नाही. पण भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागले किंवा वैतरणेकडे वळले, की सह्याद्री आडवा येतो. अलंग, मदन, कुलंग हे दुर्गत्रिकूट आणि १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर याच अंगाला. फाइव्ह जीचा मुख्य बँड एन-७८, म्हणजे ३,३०० मेगाहर्ट्झच्या वरचा. त्यात माहिती भरपूर मावते, वेग भन्नाट मिळतो, पण या लहरी लांब जात नाहीत, भिंतीत मुरतात आणि डोंगराला वळसा घालणे त्यांना जमत नाही. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र दूरवर पोहोचतात आणि घराच्या आतही शिरतात. शहराला पहिला बँड लाभतो, डोंगराआडच्या वाडीला दुसरा.

पावसाळ्यात नेट गेले की लोक पावसाला बोल लावतात. खरे तर पावसाच्या धारा या लहरींना फारशा अडवत नाहीत. पावसात जाते ती वीज आणि टॉवरची बॅटरी उतरली की पाठोपाठ सिग्नल. इगतपुरी तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता या ७०० मेगाहर्ट्झची कथा पाहा. २०१६ च्या लिलावात हा बँड विक्रीला आला, किंमत एवढी चढी ठेवली होती की एकाही कंपनीने बोली लावली नाही. २०२१ मध्येही तो पडूनच राहिला. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झालेल्या लिलावात जिओने तो देशाच्या सर्व २२ परिमंडळांत घेतला. त्या एका लिलावातून सरकारच्या पदरात १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली पडल्या. सहा वर्षे हा बँड वापरातच नसल्याने भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त फोनमध्ये तो बसवण्याची गरज कंपन्यांना वाटली नाही. फोर जीसाठी १, ३, ५, ८, ४० आणि ४१ एवढे बँड दिले की काम भागत असे.

आणि नेमक्या याच बँडवर, २८ क्रमांकाच्या, बीएसएनएल आपले फोर जी खेड्यापाड्यांत पोहोचवू पाहत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशी तंत्रज्ञानावरच्या साडेसत्त्याण्णव हजारांहून अधिक फोर जी टॉवरचे लोकार्पण झाले. त्याआधी २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० सेवावंचित गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. हा पैसा योग्य ठिकाणी लागतो आहे, याबद्दल दुमत नाही. पण वाडीवर टॉवर उभा राहिला आणि वाडीतल्या फोनमध्ये बँड २८ नसला, तर त्या बँडवरचे फोर जी त्या फोनला दिसणारच नाही. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा अनेकांनी नंबर तोच ठेवून बीएसएनएलची वाट धरली. आपला जुना फोन त्या जाळ्याशी किती जुळतो, हे त्यांतल्या बहुतेकांना सिम टाकल्यावरच कळले.

याच दरवाढीच्या वेळी जिओ आणि एअरटेलने अमर्याद फाइव्ह जी दिवसाला दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकपुरते ठेवले. म्हणजे ग्राहक फाइव्ह जीसाठी फोनलाही जास्त मोजतो आणि रिचार्जलाही. एवढे मोजून तो दिवसाचे चोवीस तास फोर जीवर राहणार असेल, तर ते त्याला आधी कळण्याचा हक्क आहे.

फोनच्या कोपऱ्यातल्या 'फाइव्ह जी' या चिन्हावरही विसंबता येत नाही. नॉन-स्टँडअलोन जाळ्यात, जवळचा फोर जी टॉवर फाइव्ह जीला जोड देणारा असला, तरी काही फोन ते चिन्ह दाखवतात. माहिती प्रत्यक्षात फोर जीवरूनच येत असते. सिग्नलची खरी ताकद सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'च्या आत, सिम स्टेटसखाली सिग्नल स्ट्रेंग्थ म्हणून उणे आकड्यात दिलेली असते. फोर जीवर उणे ८० च्या आसपास आकडा असेल तर सिग्नल चांगला, उणे ११० च्या आसपास असेल तर कुचकामी. या दोहोंमधला तीसचा फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण उणे ११० ला फोनपर्यंत पोहोचणारी शक्ती उणे ८० च्या एक हजारांश असते. नवा फोन घेताना गावातला कोणाचा तरी तसाच फोन मागून घ्यावा, आपल्या ओट्यावर आणि आपल्या शेतात हा आकडा बघावा. जाहिरातीपेक्षा हे पाच मिनिटांचे काम जास्त सांगून जाते.

वेग ही हौसेची बाब आहे, असे कोणी म्हणेल. तसे म्हणण्याचे दिवस सरकारनेच संपवले आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन पिकाचा फोटो नोंदवायचा आहे. रोजगार हमीच्या कामावर २०२३ पासून मजुरांची हजेरी ॲपवरच्या फोटोने लागते. हजेरी चढली नाही तर मजुरी अडते. अंगणवाडीचे काम 'पोषण ट्रॅकर'वर गेले आणि त्याच वेळी महाराष्ट्रात काय घडले, ते विसरण्यासारखे नाही. सेविकांना दिलेले फोन दोन जीबी रॅमचे, जुने, वारंवार बंद पडणारे. ॲप त्यांवर धड चालेना. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. काम टाळण्याचा ठपका ज्यांच्यावर येऊ शकत होता, त्याच बायका सांगत होत्या की काम करू द्या, पण चालणारे साधन द्या. त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून दोन एमबीपीएसवर नेली. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांनी कंपन्यांना आपापले कव्हरेज नकाशे संकेतस्थळावर देणे बंधनकारक केले. ही पावले स्वागतार्ह आहेत. नकाशावर टू जी, फोर जी, फाइव्ह जी असे रंग दिसतात. बँड दिसत नाही. ग्राहकाच्या हाती अर्धीच माहिती येते.

उरलेली अर्धी देणे अवघड नाही. प्रत्येक खोक्यावर किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीचा संपर्क छापण्याची सक्ती २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनी आधीच आहे. २०१७ पासून फोनमध्ये संकटकाळचे बटण आणि २०१८ पासून जीपीएस असलेच पाहिजे, असा नियम केंद्राने केला तेव्हा कंपन्यांनी तो पाळला. फ्रिजवरचे तारे पाहून वीज वाचवणारा फ्रिज निवडायला घराघरांतली माणसे शिकली. मग फोनच्या खोक्यावर, किमतीशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत आणि मराठीतही, फोर जीचे व फाइव्ह जीचे बँड आणि स्टँडअलोन चालते की नाही, एवढे छापायला काय हरकत आहे? पारदर्शकतेचा भार ज्यांना सोसणार नाही, त्यांनी घोटीच्या बाजारात माल विकू नये.

केंद्रीय दूरसंचार विभागाने हा नियम करावा. 'ट्राय'ने कव्हरेज नकाशांत गावनिहाय बँडची भर घालण्यास कंपन्यांना भाग पाडावे. राज्य सरकारने अंगणवाडी, आरोग्य आणि शाळांसाठी फोन खरेदी करताना ७०० मेगाहर्ट्झचे बँड २८ (फोर जी) आणि एन-२८ (फाइव्ह जी) ही निविदेतली अट करावी; इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, सुरगाणा, पेठ अशा डोंगरी तालुक्यांत जाणारे फोन तरी या अटीशिवाय विकत घेतले जाऊ नयेत. आणि नियम होईपर्यंत घोटीच्या ग्राहकाने दुकानात 'फाइव्ह जी आहे ना?' एवढ्यावर थांबू नये. बँड विचारावेत, बिलावर लिहून मागावेत आणि लिहून न देणाऱ्या दुकानातून फोन घेऊ नये.