लिहिणाऱ्याला दारातच का अडवता?

सॉफ्टवेअर कसे वापरायचे हे सांगणारी पुस्तिका लिहायची म्हटले, तर आधी ती छापण्याजोगी करणाऱ्या साधनांशीच झुंजावे लागते. डॉकबुकचेच पाहा. त्यातून पीडीएफ करण्याच्या नेहमीच्या मार्गात एक्सएसएलटी प्रोसेसर, स्टाइलशीट आणि अपाचे एफओपी लागते. एफओपीसाठी पुन्हा जावा! लिनक्सवर हे सगळे एकदोन आज्ञांत येते. विंडोजवर मात्र एकेक गोष्ट वेगळी उतरवा, पाथ लिहा आणि चुकले की इंग्रजी संदेश वाचत बसा.

२००६ साली आलेल्या पॅनडॉकने वाट बरीच सोपी केली. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींसाठी तयार फाइल मिळते. पण पीडीएफ हवी तर सहसा लाटेक वेगळे बसवावे लागते. शिवाय त्याचे ठरलेले इंजिन देवनागरी जाणत नाही. झीलाटेक निवडा, देवनागरी फॉन्टचे नाव सांगा. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याला एक उंबरठा जास्तच.

‘एवढे शिकून घ्यावे,’ असे जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. पुस्तिकेला विषय आणि भाषा जाणणारा शिक्षक किंवा अनुवादक हवा. त्याने प्रोग्रामरही असावे, ही अट कशासाठी? ह्यूगो एकाच फाइलवर तिन्ही प्रणालींत चालते, म्हणजे सोपेपणा अशक्य नाही.

एकच इन्स्टॉलर, सोबत देवनागरी फॉन्ट आणि मराठीत सूचना, एवढे झाले तरी पुरे. मराठीत ज्ञान नाही अशी तक्रार करण्याआधी ते लिहू पाहणाऱ्याच्या वाटेतला दगड उचलू या.