शिक्षा आधी, खटला नंतर!



ज्याच्यावरील आरोप सिद्ध झालेला नाही त्याला शिक्षा भोगावयास लावण्याचा अधिकार कोणाला आहे? कायदा सांगतो, कोणालाही नाही. परंतु आपल्या पनवेल तालुक्यातील तळोजा मध्यवर्ती कारागृहाचा अनुभव निराळेच सांगतो.

भीमा कोरेगाव प्रकरणात ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे व रोना विल्सन यांना ६ जून २०१८ रोजी अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी त्यांना जामीन दिला आणि २४ जानेवारीस ते तळोज्याहून बाहेर आले. मध्ये साडेसहा वर्षे गेली. तरी आरोपनिश्चितीदेखील झालेली नव्हती आणि साक्षीदार तीनशेहून अधिक होते! याच ढवळे यांना २०११ साली एका अन्य प्रकरणात अटक झाली होती. सुमारे ४० महिने तुरुंगात काढल्यावर २०१४ साली ते निर्दोष सुटले. ते ४० महिने त्यांना कोणी परत दिले? याच कारागृहात ठेवलेले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी तर जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी मरण पावले.

कोणी म्हणतील, आरोप गंभीर आहेत. आरोप खरे की खोटे याचा निवाडा आम्ही करीत नाही. त्यासाठी न्यायालये आहेत. पण आरोप गंभीर असतील तर खटला अधिक त्वरेने चालविणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. खटला चालवावयाचा नाही आणि माणसालाही सोडावयाचे नाही, याला न्याय कसे म्हणावे?

बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे कलम ४३-ड(५) जामिनाची वाट अरुंद करते, हे खरे. तथापि सर्वोच्च न्यायालयाने १ फेब्रुवारी २०२१ रोजी नजीब प्रकरणात स्पष्ट केले आहे, की आरोपीने दीर्घकाळ कैद भोगली असेल आणि खटला वाजवी मुदतीत संपण्याचा संभव नसेल, तर मूलभूत हक्कांच्या रक्षणार्थ जामीन देण्याचा घटनात्मक न्यायालयांचा अधिकार हे कलम हिरावून घेत नाही. हे तत्त्व प्रत्येक आरोपीला समान लागू झाले पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

आजच्या अनुच्छेद २२ चा मसुदा बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे मांडला. अटकेचे कारण कळावे, वकिलाचा सल्ला मिळावा आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, हे हक्क त्यात आहेत. जी घटना २४ तासांचा हिशेब मागते, तिच्या राज्यात साडेसहा वर्षांचा हिशेब कोणी द्यावयाचा?

ज्यांची नावे वर्तमानपत्रांत येतात, त्यांची ही गत! मग अनामिकांचे काय? २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. यांतील कित्येकांजवळ जामीनदार नसतो. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि परजिल्ह्यातील भावाचा जामीन नाकारला होता. न्यायालयाने एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्याचा आदेश दिला. तोच प्रश्न आजही गरिबाच्या दारात उभा आहे.

म्हणून आपल्या वस्तीतील कोणी कोठडीत असेल तर कपाळाला हात लावून बसू नका. अटकेची तारीख व लावलेली कलमे लिहून ठेवा. फाशी वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कैदेत गेल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली सुटकेची मागणी करता येते. पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्यास एकतृतीयांश काळ पुरतो. अनेक गुन्हे प्रलंबित असल्यास मात्र ही सवलत नाही. मुदत भरताच न्यायालयाकडे अर्ज करणे हे कारागृह अधीक्षकाचे कर्तव्य आहे. त्याला त्याची लेखी आठवण द्या. कोठडीतील प्रत्येकाला १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो.

जामीन मागताना हात जोडून उभे राहू नका. तो हक्क आहे. हक्काच्याच भाषेत मागा.

जय भीम!