शोभेच्या झाडांचा वाली कोण?

सोलापूरच्या द्राक्षबागायतदारास क्लोरमेक्वाट हे वाढरोधक परिचयाचे आहे. ते झाडातील जिबरेलिनची निर्मिती रोखते. पेरे आखूड राहतात, वेलीची धाव आवरते. २०१० साली त्याचेच अवशेष आढळल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडली, तेव्हा सारे खडबडून जागे झाले. शोभेच्या झाडांचे नशीब निराळे. बोगनवेल कोणी खात नाही. मग तिच्यावर काय फवारले, हे विचारणार कोण? पॅक्लोब्युट्राझोल तर मातीत महिनोन्‌महिने टिकते व तेथे पुढे लावलेले रोपही खुजे ठेवते. छाटणीची मजुरी वाचते, हे खरे. परंतु सार्वजनिक उद्यानात अशी फवारणी करावयाचीच असेल, तर द्रव्य, मात्रा व दिनांक यांचा फलक तेथे लावणे सक्तीचे करावे.