टेलिमेडिसिन, सर्व्हर आणि केसपेपर

आमच्या धंद्यात 'स्केल होणं' हा शब्द फार स्वस्त झालाय. कोणी काहीही करून दाखवलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "हे स्केल होईल का?" गेल्या आठवड्यात ऑफिसात डबे उघडल्यावर विषय निघाला टेलिमेडिसिनचा. एकजण म्हणाला, "त्यात अवघड काय? व्हिडिओ कॉलच तर आहे. सर्व्हर वाढवा, डॉक्टर वाढवा, झालं काम."

मी मूळचा सोलापूरचा. घरात आणि शेजारीपाजारी शुगर-बीपीची माणसं बघत मोठा झालो. त्यामुळे हे वाक्य घशाखाली उतरेना. सर्दी-तापाला ते लागू पडेलही. मधुमेह, रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचे आजार यांना नाही. का नाही, ते आमच्याच भाषेत सांगून बघतो.

सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रकारची कामं असतात. एकात मागचं काही लक्षात ठेवावं लागत नाही. तुम्ही विचारलंत, मी उत्तर दिलं, विषय संपला. अशी कामं वाढवणं सोपं. एकाच्या जागी दहा सर्व्हर ठेवा, जो मोकळा असेल तो उत्तर देईल. दुसऱ्या प्रकारात मागचं सगळं लक्षात ठेवावं लागतं. बँकेचं खातं घ्या. कालची शिल्लक माहीत नसेल तर आजचा व्यवहार होणारच नाही. खरी डोकेदुखी असते ती इथे.

ताप हे पहिल्या प्रकारचं काम आहे आणि मधुमेह दुसऱ्या. तीन महिन्यांपूर्वी साखर किती होती, कोणती गोळी सोसली नाही, पायाची जखम भरली का, डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला, हे माहीत नसलेला डॉक्टर कितीही हुशार असला तरी तो दर वेळी पहिल्या पानापासून सुरुवात करणार. आपल्याकडे ही स्मरणशक्ती कुठे असते? प्लॅस्टिकच्या पिशवीत! केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटं, सगळं एकत्र. पिशवी घरी विसरली की पेशंटचा इतिहास पुसला गेला.

आता आपल्याकडे झालंय काय ते बघू. वाईट झालंय असं मुळीच नाही. २००० साली आंध्रातल्या अरगोंडा या खेड्यात अपोलोने टेलिमेडिसिन केंद्र सुरू केलं, त्याचं उद्घाटन बिल क्लिंटन यांच्या हस्ते झालं होतं. तेव्हा ते नवल होतं. २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊन लागला त्याच सुमारास, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि फोनवरून सल्ला देणं नियमात कसं बसतं ते प्रथमच स्पष्ट झालं. सी-डॅकच्या मोहाली केंद्राने बनवलेली ई-संजीवनी २०१९ मध्ये सुरू झाली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. सरकारी सॉफ्टवेअर एवढा भार पेलतंय याचं मला, त्याच धंद्यातला म्हणून, मनापासून कौतुक आहे.

पण हा आकडा सल्ल्यांचा आहे. त्यातल्या किती जणांची साखर सहा महिन्यांनी ताब्यात होती, हे त्यावरून कळत नाही. दहा लाख माणसांनी दहा-दहा वेळा फोन केले तरी एक कोटी, आणि एक कोटी माणसांनी एकेकदा करून पुन्हा तोंडच दाखवलं नाही तरी एक कोटीच. जुनाट आजारात या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

थोडं ढोबळ गणित करू. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के पडतं, आणि रक्तदाबाचं तर ३५.५ टक्के. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. लहान मुलं वगळा, खेड्यांत प्रमाण कमी असतं म्हणून आकडा आणखी खाली ओढा, तरी अडीच लाख मधुमेही धरायला हरकत नाही (हा माझा अंदाज, कोणाचा सर्व्हे नव्हे). प्रत्येकाशी महिन्यातून एकदा पाच मिनिटं बोलायचं म्हटलं तर वर्षाला ३० लाख कॉल, म्हणजे अडीच लाख तास. एक डॉक्टर वर्षाला दोन हजार तास काम करतो असं धरलं, तर १२५ डॉक्टरांनी दुसरं काहीही न करता फक्त हेच करायचं. तेही एका आजारासाठी, एका जिल्ह्यात!

म्हणजे 'डॉक्टर वाढवा' हे उत्तर बाद. व्हिडिओ कॉलने डॉक्टरचा प्रवास वाचत नाही, पेशंटचा वाचतो. डॉक्टरची पाच मिनिटं पाच मिनिटंच राहतात. करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या माणसाचा एक अख्खा दिवस, एक रोजगार आणि एसटीचं तिकीट वाचतं, ही काही लहान गोष्ट नाही. पण तेवढ्याने सेवा वाढत नाही.

मग काय करायचं? याचं उत्तर आपल्या देशात, आपल्याच राज्यात काही जिल्ह्यांत करून झालंय. 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' असं लांबलचक नाव असलेला कार्यक्रम सुरुवातीला ज्या मोजक्या राज्यांत चालू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. त्यात झगमगीत असं काहीच नाही. रक्तदाबासाठी एकच ठरलेला उपचारक्रम: आधी ही गोळी, महिन्याने तपासा, उतरला नाही तर डोस वाढवा, मग दुसरी गोळी जोडा. औषधं जवळच्या केंद्रात मिळतील याची सोय. चांगली बीपीची मशीन. रोजचं काम सिस्टर आणि आरोग्य कर्मचारी करणार, अडलं तर डॉक्टर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोंदणीचं साधं ॲप, ज्यात तारीख उलटून गेली तरी जे आले नाहीत त्यांची यादी निघते. मग त्या यादीतल्या लोकांना फोन जातो.

इथे फोनची दिशा बघा. टेलिमेडिसिन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पेशंट डॉक्टरला फोन करतोय असं चित्र येतं. जुनाट आजारात फोन उलटा यायला हवा. ज्याला काही होत नाही असं वाटतं, तोच गोळ्या बंद करतो. तो कशाला फोन करेल? त्याचं डोकं दुखत नाही, पाय दुखत नाही. दुखायला लागेल तेव्हा मूत्रपिंड निम्मं गेलेलं असेल. न आलेल्या माणसाची यादी ही या कामातली सगळ्यात मोलाची फाइल आहे, आणि तिला बँडविड्थ जवळजवळ लागतच नाही.

आता सोलापूरच्या जमिनीवर येऊ, कारण एका जिल्ह्यात जमलं म्हणून दुसऱ्यात जमेलच असं नाही.

पहिली अडचण भाषेची. सोलापुरात मराठी आहेच, पण अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात घराघरांत कन्नड आहे, शहराच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांची तेलुगू आहे, शिवाय उर्दू, दखनी. पायाला मुंग्या येतात, जळजळ होते, कापसावरून चालल्यासारखं वाटतं, हे माणूस स्वतःच्या भाषेतच सांगतो. समोर बसलेला डॉक्टर निदान चेहरा वाचतो. फोनवर फक्त शब्द उरतात. तेव्हा कॉल कोणाकडे वळवायचा हे ठरवताना 'कोण मोकळा आहे' याच्याआधी 'कोणाला ही भाषा येते' हे बघायला हवं. प्रोग्रामरला हे दोन ओळींचं काम आहे. फक्त कोणीतरी त्याला सांगायला हवं.

दुसरी अडचण मोबाइल नंबरची. आम्ही इंजिनिअर लोक मोबाइल नंबर म्हणजेच माणूस असं धरून सिस्टिम बांधतो. आमच्या ओळखीच्या एक अक्का विड्या वळतात. त्यांच्या नावावर जो नंबर नोंदलाय तो मुलाचा, आणि मुलगा कामाला पुण्यात. "तुमची तपासणीची तारीख उलटली आहे" हा मेसेज पुण्यात हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्ये वाचला जातो, तोही इंग्रजीत. मुलगा रविवारी घरी फोन करतो तेव्हा विसरलेला असतो. अक्का म्हणतात, "मला कुठं कोण बोलावलं?" त्यांचं बरोबरच आहे. नंबर घराचा असतो, कधी सुनेचा, कधी शेजाऱ्याचा, आणि रिचार्ज संपला की कोणाचाच नसतो. २०२१ पासून १४ अंकी 'आभा' क्रमांक देण्याची सोय आली आहे. पण क्रमांकाने ओळख पटते, निरोप पोचत नाही. निरोपासाठी शेवटी गल्लीतली आशाताईच लागते.

तिसरी अडचण सल्ल्याची. ॲपमधले आहाराचे तक्ते कोण लिहितं देव जाणे! ओट्स खा, ऑलिव्ह तेल वापरा. इथे माणूस कडक भाकरी आणि शेंगाचटणी खातो. भाकरी किती, चटणीतलं मीठ किती, बीपी असेल तर काय करायचं, उपवासाच्या दिवशी साबुदाणा खाऊन वर गोळी घ्यायची की नाही, यंत्रमागावर रात्रपाळी असेल तर गोळीची वेळ कोणती, हे प्रश्न खरे आहेत. यांची उत्तरं स्थानिक सिस्टरला तोंडपाठ असतात.

चौथी अडचण हद्दीची. आजारी माणूस जिल्ह्याची, राज्याची हद्द बघून दवाखाना निवडत नाही. धाराशिवचे, लातूरचे, पलीकडे आळंद आणि इंडीचे पेशंट सोलापूरला येतात. २०२० च्या नियमांनी नोंदणीकृत डॉक्टरला देशात कुठल्याही पेशंटला सल्ला देता येतो, तो प्रश्न सुटला. पण सरकारी औषधांचा साठा, कर्मचारी आणि योजना राज्याच्या हद्दीवर थांबतात. सल्ला हद्द ओलांडतो, गोळी ओलांडत नाही.

हद्दीवरून बार्शी आठवली. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली, नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात. ती बार्शी तालुक्यापुरती नव्हती, शेजारच्या जिल्ह्यातले परांडा आणि भूम हे तालुकेही तिच्यात होते. मोबाइल नाही, इंटरनेट नाही. कर्मचारी गावोगाव फिरून माहिती गोळा करत. पुढे याच रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. एकदाच एचपीव्ही तपासणी केली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे जगाला त्यातून कळलं. सव्वा लाखांवर स्त्रियांचा माग आठ वर्षं ठेवणं म्हणजेच 'स्केल'! आणि ते आपल्या शेजारी, दुष्काळी भागात झालंय. तेव्हा इथे जमणार नाही असं कोणी म्हणू नये.

मग तज्ज्ञांचं काय? सगळे सोलापूर-पुण्यात, खेड्यात कोणी नाही. याला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये एक उत्तर काढलं, 'प्रोजेक्ट एको'. हेपटायटिस सी च्या पेशंटांना त्यांच्याकडे यायला अनेक महिने थांबावं लागायचं. त्यांनी पेशंटशी व्हिडिओवर बोलायच्या ऐवजी खेड्यातल्या डॉक्टरांशी दर आठवड्याला व्हिडिओवर बोलायला सुरुवात केली. केस तुम्ही मांडा, चर्चा सगळे मिळून करू, उपचार तुम्हीच करा. २०११ मध्ये निकाल आले. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के पेशंट बरे झाले, खेड्यातल्या केंद्रांत ५८.२ टक्के. एका तज्ज्ञाचा एक तास एका पेशंटला न जाता वीस डॉक्टरांना गेला. असा दर बुधवारी एक तास, आपल्या वैद्यकीय महाविद्यालयातले तज्ज्ञ एका बाजूला आणि तालुक्यांतले वैद्यकीय अधिकारी दुसऱ्या बाजूला, यात खर्च कितीसा?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला मान्य आहे. जिथे डॉक्टरच नाही तिथे अनोळखी डॉक्टरचा कॉल तरी मिळतोय, तो का नको? हवाच. शून्यापेक्षा एक मोठा. माझं म्हणणं एवढंच की त्या एकावर समाधान मानून आपण आकड्यांचे फलक लावत बसतो आणि खरं काम बाजूला राहतं. शिवाय फोनवरून पायाची जखम हाताने तपासता येत नाही, डोळ्याचा पडदा दिसत नाही, रक्त काढता येत नाही. नियमांतही हे ओळखलेलं आहे. समोरासमोर तपासणी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, त्याच डॉक्टरकडे, त्याच आजारासाठी केलेला सल्ला हा 'फॉलोअप' धरला जातो. म्हणजे फोन आणि भेट ही जोडी आहे, एकाच्या बदल्यात दुसरं नाही.

तेव्हा माझ्या हातात असतं तर डॅशबोर्डवरून कॉलचा आकडा काढून टाकला असता. त्याजागी प्रत्येक तालुक्यासाठी तीनच आकडे ठेवले असते: नोंदवलेल्यांपैकी किती जणांची साखर आणि बीपी गेल्या तीन महिन्यांत ताब्यात होते, तारीख उलटलेल्यांपैकी किती जणांपर्यंत माणूस पोचला, आणि किती दिवस केंद्रात गोळ्या नव्हत्या. हे तीन आकडे दर महिन्याला पंचायत समितीच्या भिंतीवर लावा. अक्कलकोटचा आकडा माळशिरसपेक्षा वाईट आला की तिथले पुढारी आपणहून विचारतील, का बरं?

सॉफ्टवेअर यात लागेलच, त्यावर माझं पोट आहे. :-) पण ते लागेल केसपेपरची पिशवी हरवू नये म्हणून आणि आशाताईच्या हातात सकाळी बरोबर यादी पडावी म्हणून. व्हिडिओ त्यानंतर.