पस्तावा घेऊन जायचे कोणत्या दारी?



निपाणी म्हटले की तंबाखू आणि विडी आठवते. मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता पोरांना मोठे केलेल्या आया-आज्या या भागात घरोघरी भेटतात. त्यांच्यापैकी कित्येकींच्या मनात एक सल असतो : थोरल्या मुलीला शाळेतून काढले आणि तिच्याही मांडीवर सूप दिले. कुणाला दारूत घालवलेली वर्षे टोचतात. कुणी जमिनीच्या वाटणीवरून भावाशी बोलणे टाकले, आणि आता बोलायला भाऊ उरला नाही. निपाणी असो की बेळगाव, रविवारी आपण सगळे पापक्षमेचे शब्द ऐकतो, 'आमेन' म्हणतो आणि तेच ओझे घेऊन घरी परततो.

असे झाले म्हणून विश्वास खोटा ठरत नाही. पंडिता रमाबाईंचेच पाहा. १८५८ साली त्यांचा जन्म झाला तो आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळला. म्हणजे आपल्यासारखेच त्यांचेही मूळ कर्नाटकात आणि लेखणी मराठीत. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळून आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन वाचून त्या विचारात पडल्या. आधी आपण लायक व्हायचे आणि मग क्षमा मागायची, हा क्रमच उलटा आहे, हे त्यांना उमगले. एवढ्या विदुषीला आठ वर्षे लागली. मग आपल्याला वेळ लागला तर खचून का जावे?

आता शुभवर्तमानातल्या दोघांकडे पाहू. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. यहूदाने त्याला तीस रुपयांना धरून दिले. पस्तावा दोघांनाही झाला. यहूदाने तर आपली चूक तोंडाने कबूल केली, पैसेही परत नेले (मत्तय २७). मग फरक कुठे पडला? आमच्या मते फरक दाराचा आहे. यहूदा मुख्य याजकांच्या दारी गेला. त्यांनी त्याला झटकून टाकले, तुझे तू पाहून घे म्हणाले. त्या दारातून तो एकटाच बाहेर पडला आणि एकटाच मेला. पेत्र मात्र इतर शिष्यांच्या सोबतीत राहिला, आणि तिबिर्याच्या किनाऱ्यावर प्रभूने स्वतः त्याला गाठले (योहान २१). आधी भाकर आणि मासळी खाऊ घातली. मग तीनदा प्रीतीबद्दल विचारले, आणि तिन्ही वेळा मेंढरे राखायचे काम सोपवले.

इथे आम्हांला आपल्या मंडळ्यांविषयी बोलावेसे वाटते. देव क्षमा करतो हे आपण शिकवतो, पण खातेवही आपल्याच कपाटात ठेवतो. व्यसन सोडून आलेला माणूस दहा वर्षांनीही 'तो दारुडा' राहतो. घर मोडून माहेरी आलेली मुलगी शेवटच्या बाकावर बसते, कारण पुढे बसली तर कुजबुज होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपल्या मराठी बायबलने 'ऋण' हा शब्द ठेवला आहे. ऋण सोडायचे म्हणजे वहीतली ओळ खोडायची. ती ओळ पुन्हा पुन्हा वाचून दाखवणारी मंडळी त्या याजकांच्या दारासारखी होते.

रमाबाईंनी हे ओळखले होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी वेगळे घर काढले आणि त्याला नाव दिले 'कृपासदन'. दारावर पापाचे नाव नव्हते, कृपेचे होते. आणि मुक्तीत नुसता आसरा नव्हता, छापखाना, विणकाम, शेती अशी कामेही होती. क्षमा झालेल्याच्या हाती काम द्यावे, हा किनाऱ्यावरचाच धडा.

कृपा म्हणजे झाकपाक मात्र नव्हे. जक्कयाने लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले (लूक १९). ज्याने मार खाल्ला, ज्याचा हिस्सा बुडाला, त्याच्यावर 'आता क्षमा कर' म्हणून जोर करणे हा दुसरा अन्याय आहे. पश्चात्ताप करणाऱ्याने आधी भरपाईचे पाऊल उचलावे, आणि दुखावलेल्याला त्याचा वेळ द्यावा.

शिवाय प्रत्येक सल हा पापाचा नसतो. घरात दाणा नव्हता म्हणून मुलीला सुपापुढे बसवणाऱ्या आईच्या हातून घडले ते गरिबीच्या रेट्याने. तिला पापी म्हणू नये, आणि तिनेही स्वतःला म्हणवून घेऊ नये. लेकीचे गेलेले दिवस परत येणार नाहीत, पण नातीच्या शिक्षणाचा भार मंडळी वाटून घेऊ शकते. वारलेल्या भावाशी बोलता येणार नाही, पण त्याच्या मुलांना त्यांचा वाटा देता येतो.

जे आपल्याला दुरुस्त करता येत नाही, ते वधस्तंभापाशी ठेवायचे. तिथे ठेवलेले पुन्हा उचलून घरी आणायचे नाही. आणि ज्यांचे हात अजून सुटत नाहीत, त्यांच्या शेजारी येत्या रविवारी आपण जाऊन बसावे. शक्य असेल तर त्या दिवशीचा शास्त्रपाठ त्यांना वाचायला द्यावा.

प्रभूची कृपा तुम्हा सर्वांबरोबर असो. आमेन.