सुक्याबरोबर ओलंही

वॉटर्लू म्हटलं की आपल्याकडच्या पालकांना कॉम्प्युटर सायन्स आठवतं. कॅनडातल्या या विद्यापीठाचा फुटबॉलचा संघही आहे. फुटबॉल म्हणजे अर्थात तिकडचा, चेंडू हातात घेऊन पळायचा, बारा-बारा जणांचा. 2010 च्या हंगामात हा संघ मैदानात उतरलाच नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये संघातल्या एका खेळाडूला स्टेरॉइडच्या प्रकरणात अटक झाली. विद्यापीठाने मग सगळ्याच संघाची उत्तेजक चाचणी करवून घेतली, 62 जणांची. अशी हिंमत सहसा कोणी दाखवत नाही. नियमभंगाची नऊ प्रकरणं निघाली. एकात तर ग्रोथ हॉर्मोन. जूनमध्ये विद्यापीठाने वर्षभरासाठी संघच बंद करून टाकला.

टाळ्या पडल्या. मला मात्र हा निर्णय तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

वॉटर्लू ज्यात खेळतं त्या ऑन्टारियोच्या गटात साखळी सामने आठ. ऑक्टोबरअखेरपर्यंत ते उरकतात, नोव्हेंबरअखेर देशपातळीवरच्या व्हॅनिअर चषकाची अंतिम लढत. एका खेळाडूला जास्तीत जास्त पाच हंगाम मिळतात. पुढे व्यावसायिक लीगमध्ये जाणारे थोडेच, बाकीच्यांचा फुटबॉल इथेच संपतो. शेवटच्या वर्षाला असलेल्या, काहीही न घेतलेल्या पोराचे हे आठ सामने कोण भरून देणार? दुसऱ्या विद्यापीठाकडून खेळायची मुभा होती म्हणे! वॉटर्लूत कित्येकांचं एक सत्र वर्गात, पुढचं नोकरीत, अशी साखळी असते. पदवी तोंडावर आली असताना ती तोडून जायचं कुठे?

शिवाय स्टेरॉइड काही सामन्याच्या सकाळी घेत नाहीत. ती हिवाळ्यात, जिममध्ये वजनं उचलताना घेतली जातात. तेव्हा तपासायला कोणी येत नसेल, तर दोष एकट्या वॉटर्लूचा कसा? ज्याने स्वतःहून घर झाडलं, त्याच्याच अंगणात धूळ दिसली. गटातले बाकीचे नऊ संघ खेळले, व्हॅनिअर चषक लावालने कॅल्गरीला 29-2 असं धुऊन नेला. शेजारच्या विद्यापीठांनी यातून काय घ्यायचं? झाडू हातात घेऊ नका, एवढंच ना?

वॉटर्लूचा संघ 2011 मध्ये परतला. चाचणीचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. संघ बंद करणं ही शिक्षा नव्हती, विद्यापीठाने स्वतःची अब्रू झाकली होती.